सुषमाताईंचा बॅकहँड

सुषमाताईंच्या तोंडून 'शाब्बास' ऐकायची हौस असेल, तर माणसाने दुसरा गुरू शोधावा. चेंडू कितीही सुरेख मारला तरी त्या म्हणायच्या, "हौ, ठीक. पण पाय काहून झोपले तुझे?"

कॉलेजात त्या विद्यापीठाच्या टेनिस चॅम्पियन. त्यांचा एकहाती बॅकहँड बघायला म्हणे मुलांचे वर्ग ओस पडायचे. आता मुलं नुसता बॅकहँडच बघत असतील का, देव जाणे! लग्न होऊन त्या बालाघाटला आल्या आणि क्लबाच्या मुरमाच्या कोर्टावर आम्हा मुलींना शिकवू लागल्या. आधी कोर्टावर पाणी मारायचं, रूळ ओढायचा, मगच रॅकेटला हात. आमच्या आया कुरकुरायच्या, "पोरींले खेळवून राह्यल्या का राबवून?" ताई ढिम्म.

मला त्यांनी अर्थातच स्वतःचा बॅकहँड दिला. मी पडले बुटकी, वर काडीपैलवान. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीच्या कॉलनीतली एक उंच मुलगी नेमके माझ्या डाव्या खांद्याच्या वर चेंडू टाकायची, तिथे माझ्या एका हाताचा जोर पुरायचा नाही, आणि मी हरायची. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. पप्पांनी निक्षून सांगितलं, "यंदा विद्यापीठाच्या टीममध्ये नाव नाही आलं तर खेळ बंद. सीधे बी.एड." मी ताईंपुढे ढसाढसा रडले. म्हटलं, माझंच काहीतरी चुकतं. त्यांनी मला रूळ ओढायला पाठवलं.

एकदा विसरलेली पाण्याची बाटली घ्यायला कोर्टावर परतले. बघते तर काय, बाकावर फोन उभा, त्यात कोणा मुलीचा दोन हातांचा बॅकहँड चाललेला, आणि पन्नाशीच्या आमच्या चॅम्पियनबाई दोन्ही हातांनी रॅकेट धरून एकेक चेंडू भिंतीपलीकडे घालवताहेत! मला हसूच फुटलं.

"हास, हास," त्या म्हणाल्या. "तुझं काही चुकत नव्हतं, पोरी. माझा फटका मले जमे, तुले नाही जमत. पण मलेच येत नाही ते तुले कसं शिकवू? म्हणून शिकून राह्यली."

पुढे दिवाळीपर्यंत आम्ही दोघी मिळून चुकलो. त्यांचं डावं मनगट सुजलं. दुखतंय का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "दुखन नाही तं का गाणं म्हनन?"

निवड चाचणीत नेमकी तीच मुलगी समोर आली. तिने चेंडू उंच टाकला, मी दोन्ही हातांनी परतवला. तिने पुन्हा टाकला, मी पुन्हा परतवला. शेवटी तिचाच धीर सुटला. मी जिंकले आणि संघात आले.

निवड करणारे सर ताईंना कॉलेजपासून ओळखत होते. त्यांनी विचारलं, "बैकहैंड किसने सिखाया?" मी ताईंकडे बोट दाखवलं. सर चाटच पडले. "आपने? आपका तो एक हाथ वाला था! पूरी यूनिवर्सिटी में मशहूर था!"

"था," ताई म्हणाल्या. "बच्ची के काम का नहीं था, तो छोड़ दिया."

मला रडू आवरेना. ताईंनी माझी किट उचलून खांद्याला लावली.

"जिंकूनही रडून राह्यली? चाल, गाडी सुटन."