खिडकीजवळचा बाक

दातिवऱ्याच्या कोळीवाड्यातल्या पुष्पलता तांडेलनं फ्रेंच शिकावं, हे तिच्या आईला, जमनाला, शेवटपर्यंत पटलं नाही. "बोंबलांशी फ्रेंच बोलनार हाय का तू?" ती फटकारायची. १९६५च्या उन्हाळ्यात मुंबईला विद्यापीठात दोन महिन्यांचा वर्ग होता, तोही नेमका मासे सुकवायच्या दिवसांत. जमनानं बजावलं, "जा, पन रविवारी घरी येऊन कामाला लागायचं."

म्हणून दर रविवारी पुष्पलता दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायची आणि त्या जोड्या वलांडीवर, म्हणजे आडव्या बांधलेल्या बांबूंवर, सुकायला टांगायची. सोमवारी तीनदा साबण लावला तरी वास बोटांना चिकटलेलाच. पहिल्याच सोमवारी शिकवणाऱ्या आगाशेबाईंनी नाकाला रुमाल लावला आणि सगळ्यांदेखत तिला खिडकीजवळच्या बाकावर एकटीला बसवलं.

मेअखेरीस बाईंनी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कोळणींचा उतारा वाचला. सुकत घातलेल्या माशांच्या वासाचं वर्णन आलं, तशा त्या डोळे मिटून म्हणाल्या, "अहाहा! काय जिवंत वास आहे हा!" जसे काही तिकडचे मासे अत्तरात पोहतात!

पुष्पलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईनं मुंबईच्या मावशीसाठी दिलेली सुक्या बोंबलांची पुडी तिनं पिशवीतून काढली, बाईंच्या उघड्या पुस्तकावर उलटी केली आणि एकदाही न अडखळता फ्रेंचमध्ये म्हणाली, "घ्या बाई, उताऱ्यातला वास."

जबड्यात जबडा अडकलेल्या जोड्या पानभर पसरल्या.

त्या दिवशी बोंबलांचा वास लागलेलं पुस्तक घेऊन खिडकीजवळच्या बाकावर बाई स्वतः जाऊन बसल्या.