पेटीतलं शेत

पोरांनो, आम्ही दोघं अकराव्या मजल्यावर राहतो तिथे पूर्वी फक्त हवा होती. खाली ताथवड्यातलं आपलं शेत होतं, पेरूची झाडं होती आणि विहीर होती. आता विहिरीच्या जागी गाड्या उभ्या असतात. दुपारी पडदे ओढून आडवी झाले की कधीकधी मला वाटतं, हे घर त्या पेरूंच्या शेंड्यांवर टेकलेलं आहे आणि खाली कुणीतरी पाणी शेंदतंय.

जमीन बिल्डरला द्यायचं ठरलं तेव्हा तुमच्या पणजी, म्हणजे आजोबांच्या आई, त्यांना एवढंच म्हणाल्या, "जिमीन जाऊ दे, पर तिचं त्वांड तरी ऱ्हाऊ दे." आजोबांनी ते मनावर घेतलं. त्यांच्या कारखान्याला गुरुवारची सुट्टी असे. दर गुरुवारी सकाळी विहिरीच्या कठड्याजवळ त्याच एका दगडावर उभं राहून ते फोटो काढायचे. कधी ज्वारी, कधी नुसती नांगरट, कधी कडेला पणजींचा पदर. मोजणीचे खुंटे आले तोवर हे चाललं.

ते सगळे गुरुवार हॉलमधल्या काळ्या पेटीत आहेत. तुम्ही तिला सर्व्हर म्हणता. आत दोन मोठ्या डिस्क आहेत आणि एक गेली तर दुसरी असावी म्हणून दोन्हींवर तेच आहे. पण पेटीला जागं करायचं काम मागे खोचलेल्या नखाएवढ्या पेन ड्राइव्हचं. यंदा तो थकला. पेटी उठायला अर्धा अर्धा तास घेऊ लागली. आजोबा एक छोटी एसएसडी, पेन ड्राइव्हपेक्षा दणकट ड्राइव्ह, घेऊन आले. जागं करायची सगळी व्यवस्था आता तिच्यावर न्यायची होती, आणि गुरुवारांना धक्का लागू द्यायचा नव्हता. ते दुसरीकडे कुठेच नव्हते.

आमची एक जुनी रीत आहे. नव्या संसारात आजोबा मशिनांची इंग्रजी पुस्तकं घरी आणायचे आणि मी ती वाचून मराठीत सांगायची. त्यांना मशीन कळे, मला वाक्य. माझी ओळ संपेपर्यंत त्यांनी कशाला हात लावायचा नाही, हा नियम तेव्हापासूनचा.

गुरुवारी इथे दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून शुक्रवारची दुपार धरली. पेटीच्या सेटिंगची एक फाइल असते. ती नव्या ड्राइव्हला दिली की पेटी पूर्वीसारखी वागते. ती मी आधीच उतरवून जागच्या जागी ठेवली होती. नवी व्यवस्था चुकून डिस्कवरच लिहिली जाऊ नये म्हणून आजोबांनी दोन्हींच्या वायरी काढल्या आणि त्यांना कारखान्यातली लाल पाटी बांधली: काम चालू आहे. एसएसडी तयार झाली, पेटी बंद करून वायरी परत जोडल्या, आणि पेटी चटकन उठली.

मग स्क्रीनने ती फाइल मागितली. मी म्हणाले, महत्त्वाच्या कागदांच्या फोल्डरमध्ये आहे. म्हणाले आणि लक्षात आलं. ते फोल्डर पेटीतच होतं.

"म्हणजे किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घेतलंस," आजोबा म्हणाले.

डिस्क दिसत होत्या, पण त्यांच्यावर फायलींचा साठा एकही नाही असं लिहून आलं होतं. खाली मोठं निळं बटण होतं, नवा साठा तयार करा. तयार केला की फोटो दिसतील असं वाटून आजोबांचं बोट माउसवर गेलं.

"थांबा. ओळ संपली नाही."

बारीक अक्षरात पुढे होतं की डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. ते मी मराठीत सांगितलं. त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला.

"वाच पुढं," ते म्हणाले. "सावकाश."

पडद्याच्या फटीतून उन्हाची पट्टी पेटीवर आली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती. मी वाचत राहिले. बऱ्याच खाली एक साधं वाक्य सापडलं: आधीचा साठा असेल तर इम्पोर्ट करा, म्हणजे आहे तसा आत घ्या. डिस्कची ओळख डिस्कपाशीच असते, त्यांना नीट विचारावं लागतं. विचारल्यावर यादीत एकच नाव आलं, 'हिर'. पणजी विहिरीला हिर म्हणायच्या. ते नाव आजोबांनीच ठेवलेलं.

साठा उघडला. आत माझी फाइलही होती. ती दिल्यावर पेटी पूर्वीसारखी झाली. जुना पेन ड्राइव्ह आजोबांनी अजून टाकलेला नाही, महिनाभर राहू दे म्हणाले. फाइलची एक प्रत माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. दुसरी सगळ्या गुरुवारांसकट तुमच्याकडे पाठवतेय, जपून ठेवा.

त्या दिवशी ऊन भिंतीवर चढेपर्यंत आम्ही फोटो बघत बसलो. एका फोटोत पणजी कपाळावर हात धरून वर बघतायत. आजोबांनी तो फोटो मोठा केला. आज आमचं घर आहे तिथे वर तेव्हा काहीच नव्हतं.