समुद्रफुलाजवळ आबा

गुडघे गेले तशी आबांनी, माझ्या वडिलांनी, मेंढरं विकली. मग ते दिवसभर ओट्यावर बसून असायचे. जेवलात का विचारलं तरी नुसतं हं.

त्याच सुमारास पुण्यातल्या एका मित्राने परदेशी जाताना त्याची खाऱ्या पाण्याची टाकी मला दिली. दोन क्लाउनफिश, केशरी अंगावर पांढरे पट्टे, आणि खडकाला चिकटलेलं एक समुद्रफूल. अवसरीतल्या आमच्या घरात मी ती आबांच्या पलंगासमोर मांडली, कारण भिंत तेवढीच मोकळी होती.

"फूल हाय का जनावर?" आबांनी विचारलं.

"जनावर. त्याच्या बोटांना डंख असतो. पण हे मासे हळूहळू सवय करून घेतात, मग त्यातच राहतात. दुसरा मासा तिथं जायला धजत नाही."

"ह्ये तर लांबच पळत्यात की."

खरंच होतं ते. टाकीतच जन्मलेल्या त्या माशांनी समुद्रफूल कधी पाहिलंच नव्हतं. ते कोपऱ्यात पंपापाशी झोपायचे. आबा मात्र आता ओट्यावर कमी आणि टाकीसमोर जास्त दिसू लागले.

एका दुपारी मी वारूळवाडीला कामावर असताना त्यांचा फोन आला. "डीपी जळाली. लाईट न्हाई. पंप बंद पडलाय. ह्यांचा दम कोंडंल का रं?" बायको माहेरी, पेठला गेली होती. मी सांगितलं, "तांब्याने पाणी घ्या आणि वरून परत टाकीत सोडत राहा. मी निघतोच."

नारायणगावात बॅटरीवरचा हवेचा पंप विकत घेऊन मी घरी पोचलो, तेव्हा आबा स्टुलावर बसून पाणी ओतत होते. सदरा चिंब, फरशीवर तळं. शेजारचा एक जण दारातून हसत होता, "आबा, माशास्नी अंघोळ घालताय व्हय राव?"

"हस लेका. हात दुखला माझा, धर तांब्या," आबा म्हणाले आणि तोही ओतायला बसला.

मासे वाचले. समुद्रफूल मात्र मुठीएवढं आकसलं. ते मेलं तर सगळं पाणी नासेल, म्हणून मी रोज वाकून वास घ्यायचो. आबा माझ्या तोंडाकडे बघायचे. घाण वास येत नव्हता, एवढाच आधार होता.

मग ते हळूहळू फुललं, आणि का कोण जाणे, थोरली मासोळी त्याच्याकडे वळली. शेपटी टेकवायची, दचकून पळायची, परत यायची. तिच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे डंख बाधेनासा होतो, असं मी आबांना सांगितलं. त्यांचं लक्षच नव्हतं. ते तिला हलक्या आवाजात म्हणत होते, "जा, जा. काय न्हाई करत."

दोन दिवसांनी कामावर फोन आला. "शिरली! पार आत जाऊन लोळती. दुसरा बी मागनं गेला!" मागे चार-पाच माणसांचा गलका ऐकू येत होता. आबांनी गल्ली गोळा केली होती.

आज सकाळी समुद्रफुलाशेजारच्या दगडावर बारीक केशरी अंडी दिसली. नर कल्ल्याजवळच्या परांनी त्यांना वारा घालतोय.

"पिल्लं फारशी जगत नाहीत हां, आबा," मी आधीच सांगून ठेवलं.

"आसू दे. एक जगलं तरी लई झालं," म्हणत ते भिंतीला धरून उठले आणि पिल्लांना वेगळं ठेवायला, टाकीसोबत आलेली आणि गोठ्यात पडून असलेली जुनी काचपेटी धुवायला निघाले.