गोलच्या मागे उभे राहिलेले आबा

वडूजच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली तेव्हा आबांनी माझी पिशवी खिडकीतून सीटवर टाकली, जागा धरली आणि मग मला चढवलं. मी बारा वर्षांचा होतो. फुटबॉलच्या संघात गोलकीपर म्हणून निवड झाली होती, वसतिगृहात राहायला निघालो होतो. आबांना त्यातलं एवढंच कळलं होतं की पोरगं जाळीपुढे उभं राहणार. मेंढरं राखणाऱ्या माणसाला जाळी नवी नव्हती. रानात मुक्काम पडला की आम्ही मेंढरांभोवती वाघर लावायचो, म्हणजे दोरीची जाळी, आणि तिच्या दोन बाजूंना दोघं राखण करायचे. गाडी हलली तसे ते खिडकीशी आले. "म्होरं बघ. मागं मी हाय."

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, पुढचं लिहायला मला लाज वाटते. म्हणूनच लिहितोय.

वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मला 'मेंढकं' हे नाव पडलं. चुलत्यांनी आणलेली चळवळीची पत्रकं वाचत मी मोठा झालो होतो. कुणी जन्मानं हलका नसतो, हे त्यांत ठळक छापलेलं असायचं आणि मला ते पाठ होतं. तरी अंगाचा लोकरीचा वास जावा म्हणून मी दोनदा साबण लावायचो. लाज घेऊन कुणी जन्माला येत नाही, ती शिकवली जाते. मी ती पहिल्या नंबरानं शिकलो.

चौथ्या वर्षी आमची फायनल सांगलीत होती. आबांची मेंढरं तेव्हा जवळच्याच एका रानात बसली होती. पटका, घोंगडं, काठी अशा थाटात ते आले आणि प्रेक्षकांत न बसता थेट माझ्या गोलमागे, डाव्या खांबाशी उभे राहिले. आमचा बॅक म्हणाला, "मेंढक्या, तुझ्या वाघरीला राखण आली रं." सगळे हसले. मीही हसलो.

शेवटच्या मिनिटांत डावीकडून क्रॉस आला. त्याच क्षणी मागून आबांची शीळ आली, लांडगं दिसल्यावर घालतात ती. मी वळून आबांकडे बघितलं. तेवढ्यात उजव्या खांबापाशी समोरच्या संघाचा फॉरवर्ड मोकळा आला आणि बॉल जाळीत गेला. आम्ही हरलो.

सगळ्यांदेखत मी आबांना म्हणालो, "तुम्ही परत येऊ नका." घरातल्या बोलीत नाही, वसतिगृहातल्या स्वच्छ मराठीत. ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी ते पाळलं. पुढे मी गोव्यात सात सीझन खेळलो, ते एकदाही आले नाहीत. आई फोनवर सांगायची, "इचारलं तर म्हणत्यात, त्यानं कुठं बलावलंय." बोलवायचं मी दर वर्षी ठरवायचो.

मग खांदा निकामी झाला आणि मी मुलींच्या संघाचा गोलकीपिंग कोच झालो. एका सकाळी ट्रेनिंगमध्ये पोरींना सांगत होतो की कीपर बॉलकडे बघत राहतो आणि लांबच्या खांबाकडे येणारा खेळाडू त्याला दिसत नाही. बोलता बोलता थांबलो. लांडगे जोडीनं येतात. एक दिसतो, दुसरा उलट्या बाजूनं झडप घालतो. म्हणून आमच्यात शीळ ऐकली की शीळ घालणाऱ्याकडे बघायचं नसतं, त्याच्या उलट्या बाजूला बघायचं असतं. हे मला चालायला लागल्यापासून माहीत होतं. सांगलीतल्या चार वर्षांत मी ते विसरलो. आबांनी तो फॉरवर्ड बघितला होता. त्या मैदानावर खेळ कळलेला तो एकटा माणूस होता आणि मी त्यालाच हाकललं.

त्याच दिवशी गावाकडचं तिकीट काढलं. तुमचं बरोबर होतं, आता चला माझ्याबरोबर, एवढं सांगायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला, आबांना मिरजेच्या दवाखान्यात आणलंय. जंक्शनवर उतरून मी धावत पोचलो तेव्हा आई व्हरांड्यात त्यांचं घोंगडं मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, शुद्धीत होते तोवर एकच विचारत होते, "पोराच्या मागं आता कोण हुबं ऱ्हातं गं?"

आबा गेल्यावर मेंढरं विकली. आमच्या चराईच्या वाटेवर आता तारेचं कुंपण आहे. गावी गेलो की सत्कार होतो, मातीचं नाव काढलं म्हणतात. मला ती शाल नको. ज्याच्याकडून शिकलो त्याला अडाणी ठरवूनच आपण मोठे होणार असू, तर असलं मोठेपण जाळून टाका. तुमचा बाप कुठल्या गेटबाहेर घोंगडं घेऊन उभा असेल, तर आजच त्याला आत घ्या.

मी पोरींना शिळेचा नियम शिकवलाय. ड्रिलच्या वेळी मी गोलमागे, डाव्या खांबाशी उभा राहतो. परवा शीळ घातली. कीपर पोरगी माझ्याकडे वळली नाही. उजवीकडे झेपावली, बॉल धरला. घर म्हणून माझ्याकडे आता एवढंच आहे, जाळीमागची एक माणूस मावेल इतकी जागा. तिथून मी तिला म्हणालो, "म्होरं बघ. मागं मी हाय."

माझ्या मागे कुणी नाही.