बोटं उघडी, माणूस झाकलेला

मी बैलांचा दलाल. शाळा तिसरीपर्यंत, तीही धड नाही. पण मनमाडच्या बाजारात, घोटीच्या बाजारात माझा हात धरल्याशिवाय चांगली जोडी विकली जात नव्हती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई म्हणून सांगायचं असतं तर आणखी पुष्कळ आहे.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांना आमची रीत सांगितली पाहिजे. आम्ही भाव तोंडानं बोलत नसू. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहायचे, हातात हात द्यायचा, वरून खांद्यावरचा रुमाल टाकायचा. मग जे काय बोलायचं ते बोटांनी. एक बोट धरलं तर एक, सगळी मूठ धरली तर पाच. शेकड्याचे पाच की हजाराचे, ते जनावराकडं बघून दोघांना कळायचं. भोवती माणसांचं कोंडाळं, सगळ्यांच्या नजरा आमच्या तोंडावर, आणि आमची तोंडं दगडासारखी. मला शिकवणारे म्हातारे दलाल म्हणायचे, "तोंड वाचू नको, तळहात वाच." खरंच, गरजू माणसाच्या तळहाताला घाम यायचा. लबाडाचा हात थंड असायचा आणि बोटं घाई करायची. एवढी मोठी विद्या एका मळक्या रुमालाखाली मावायची, याचं मला आजही नवल वाटतं.

आणि एक नियम होता. बैलाचं दावं घेणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत सौद्याची गोष्ट तिसऱ्या माणसाला सांगायची नाही. बायकोला नाही, भावाला नाही. हात दिला की दिला, मग तोटा होवो. हा नियम मी जन्मभर पाळला. तोच माझ्या अंगाशी येणार होता.

आता पोराकडं पंचवटीत राहतो. खाली गल्लीत मेथी-कोथिंबीर विकणारी बाई बसते. तिच्या टोपलीला काळ्या ठिपक्यांची चौकट लटकवलेली असते. गिऱ्हाईक फोन दाखवतं आणि पलीकडं ठेवलेली डबी मोठ्यानं ओरडते, इतके रुपये मिळाले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जिन्यातच थांबलो. कुठं नोट नाही, नाणं नाही, आणि पैसे आले! पण डबीनं बाईची कमाई साऱ्या गल्लीला सांगितली ते मात्र मला आवडलं नाही. मी सुनेला म्हणालो, "आम्ही काय येडे होतो का रुमाल टाकायला?"

सून हसली. तिनंच मला फोनवरून पैसे पाठवायला शिकवलं. पिन टाकायची वेळ आली तशी ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. म्हणाली, "नाना, हा आकडा मलासुद्धा सांगायचा नाही."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. कॉलेज शिकलेली पोर, बैलबाजाराचं तोंड पाहिलेलं नाही, आणि रुमालाची रीत पाळतेय! मग मला वाटलं, हे तर आपलंच आहे. यातलं आपल्याला सगळं कळतं. ती पुढं बरंच काही सांगत होती. मी म्हणालो, "कळलं, कळलं."

त्याच सुमारास बायकोच्या गुडघ्यांचं निघालं. दोन्ही गुडघे झिजले होते. खाटेवरून उठायचं तर कुणाचा तरी खांदा लागायचा. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बदलावे लागतील. गावाकडची घराशेजारची मोकळी जागा विकली होती, ते पैसे खात्यात होते. थोडे कमी पडत होते. पोरगा म्हणाला, "मी घालतो वरचे."

मी म्हणालो, "बायको माझी हाय. तुझ्यापुढं हात पसरायला मी काय म्हातारा झालोय?"

"मग काय झालात, तरणे?" बायको खाटेवरून म्हणाली.

मी ऐकलं नाही. गावाला छपरात माझी दमणी उभी होती. बैलाची हलकी गाडी, सागवानी, पितळी फुलं ठोकलेली. ती विकायची ठरवली. सुनेनं फोटो काढून फोनवरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात टाकला. म्हणाली, "नाना, माझा नंबर टाकते. तुमचं खातं तुमच्याच नंबरला जोडलेलं आहे, तो सगळ्यांना कशाला?"

"दमणी माझी आणि नंबर तुझा? लोक मलाच इचारतील."

तिनं माझा नंबर टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. पोरगा कामावर, सून खाली दळण आणायला गेलेली, बायकोचा खाटेवर डोळा लागलेला. गोड आवाज, शुद्ध मराठी. "काका, दमणी फोटोत पाहिली. आमचं हायवेला हॉटेल आहे, दारात उभी करायची आहे. किती द्यायचे?"

मी सांगितले. थोडे चढवूनच सांगितले.

"ठरलं काका. तुमच्यासारख्या जुन्या माणसाशी घासाघीस करायची नसते."

माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "एक विनंती आहे. व्यवहार पुरा होईपर्यंत घरात कुणाला बोलू नका. मधे माणसं पडली की सौदा बिघडतो."

मी थक्क झालो. हॉटेलवाला पोरगा, आणि बाजाराचा नियम त्याला ठाऊक! मला वाटलं, कुणा जातिवंत दलालाच्या घरचा असणार. मी म्हणालो, "बोलायचं काम नाय. हात दिला समजा."

तो म्हणाला, आधी एक रुपयाचा इसार करून बघू. त्यानं फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि चौकट पाठवली. म्हणाला, ही दाबा, पिन टाका, तुमचा एक रुपया येईल माझ्याकडे आणि मी दोन धाडीन. मी तसं केलं. दोन रुपये आले! इसार म्हणजे घेणाऱ्यानं द्यायचा, हे मला जन्मभर पाठ. पण दोन रुपये आलेले बघून मी तेही विसरलो.

"आता पूर्ण रकमेची चौकट पाठवतोय, काका. तशीच दाबायची, पिन टाकायचा. पैसे तुमच्या खात्यात."

चौकट आली. दमणीची किंमत अंकात दिसत होती, बरोबर. खाली बारीक अक्षरं होती, ती वाचायला चष्मा लागतो. अंक मला चष्म्याशिवाय दिसतात. मी पिन टाकायला लागलो.

"कुणाचा बैल विकताय अवो, घरात बसून?"

बायको जागी होऊन खाटेवरून बघत होती. मी खाली पाहिलं. माझा उजवा हात, फोन, सगळं माझ्याच रुमालाखाली होतं. रुमाल मी कधी टाकला मला आठवत नाही. हाताला सवय.

मी बोट ओठावर ठेवलं.

"दमणी चालली काय? कितीला?"

"गप बस. सौदा होस्तोवर सांगत नसत्यात."

"नका सांगू. भाव पाडला का त्यानं?"

"नाय."

"एकदा बी नाय?"

"नाय म्हटलं ना."

"बघायला कवा आलता?"

"फोटो बघितला."

ती म्हणाली, "डाव्या चाकाचा आरा मोडलाय, ते सांगितलं?"

फोनमधला आवाज बदलला. "काका, कोण बोलतंय मधे? आपलं काय ठरलं होतं? लवकर टाका, चौकटीची वेळ संपतेय."

"टाकतो," मी म्हणालो.

निम्मा पिन टाकून झाला होता. मला कळत नव्हतं असं नाही. काहीतरी खटकत होतं. पण हात दिला होता. एकदा आजारी बैलाच्या सौद्यात पदरचे घालून मी शब्द राखला होता, आणि आज एका बाईच्या बोलण्यावर मागं फिरायचं? हे माझ्या डोक्यात चाललं होतं. डोकं माझं बैलासारखंच आहे, एकदा खाली घातलं की वर येत नाही.

बायकोला हे सगळं माहीत. तिनं ओरडा केला नाही, पैशाचं नाव काढलं नाही, गुडघ्याचंही नाही. ती उठली. खांदा द्यायला कुणी नव्हतं. भिंत धरली, खाटेचा खूर धरला, दात खाल्ले आणि उठली. मी आ वासून बघत राहिलो. चार पावलांवर मी बसलो होतो, पण ते अंतर तिला किती होतं ते तिच्या कपाळावर दिसत होतं. ती आली आणि रुमालावर, माझ्या हातावर, तिनं हात ठेवला.

"त्याचा हात कसा हाय?" तिनं विचारलं. "घाम आलाय का?"

रुमालाखाली माझा एकट्याचाच हात होता.

मी किती सौदे केले असतील याला मोजदाद नाही, पण असं गार कधी वाटलं नव्हतं. रिकाम्या रुमालात मी बोटं हलवत बसलो होतो. कुणाचं बोट माझ्या बोटात नव्हतं. घाम होता तो माझाच.

मी फोन तोंडाजवळ आणला. म्हणालो, "असं करा, पाव्हणं. गावाला या, दमणी बघा, आऱ्याचे पैसे कमी करा. भाकर खाऊन जा. तिथं घेतो मी पैसे."

"काका, तुम्ही शब्द दिलाय. जुन्या माणसाच्या शब्दाची हीच किंमत का?"

लागलं. बरोबर जागा हुडकून मारलं होतं त्यानं. पण बायकोचा हात अजून माझ्या हातावर होता.

"शब्द मी हाताला देतो. तू हात घेऊन ये."

मग त्यानं ज्या शिव्या दिल्या त्या मनमाडच्या बाजारातही ऐकल्या नव्हत्या. शुद्ध मराठी कुठल्या कुठं गेली. फोन बंद. आणि बायको तिथंच माझ्या शेजारी धपकन बसली. म्हणाली, "आता मला उठवायचं कुणी?"

सून आल्यावर मी तिला फोन दाखवला. तिनं ती बारीक अक्षरं वाचली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिथं 'पैसे द्या' असं लिहिलं होतं.

"नाना, पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. पिन फक्त द्यायला लागतो."

"हे मला आधी सांगायचं."

"सांगितलं होतं. तुम्ही 'कळलं, कळलं' म्हणालात."

ती म्हणाली, तो एवढ्यावर थांबला नसता. चुकून तुमच्याकडून गेले, परत धाडतो म्हणून दुसरी चौकट आली असती, मग तिसरी. गुडघ्यांचे सगळे पैसे त्याच खात्यात होते. तिनं लगोलग बँकेला कळवलं, सायबरच्या सरकारी नंबरावर तक्रार दिली, माझा नंबर त्या बाजारातून काढला. पोराला सांगायचं नाही असा मी हट्ट धरला. पण तिनं ऐकलं नाही, आणि बरं केलं. असल्या गोष्टीत जो 'कुणाला सांगू नका' म्हणतो त्याचं आधी घरात सांगावं, हे मी त्या दिवशी शिकलो.

पुढच्या आठवड्यात ती मला बँकेत घेऊन गेली. ऑपरेशनचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवले, ते खातं फोनला जोडायचंच नाही. फोनच्या खात्यात भाजीपाला, औषधं, एवढंच.

"माझे पैसे माझ्यापासनं लपवायचे?" मी म्हणालो.

"तुमच्यापासून नाही, नाना. फोनपासून."

काउंटरवरची मुलगी तोंड फिरवून हसली. मी सही केली. वेडीवाकडी असते, पण माझी असते.

नंतर बरेच दिवस मी ओट्यावर बसून विचार करायचो. रुमालाची रीत आणि या फोनची रीत मला एकच वाटली होती. गुपित दोन्हीकडं होतं, तिथंच मी फसलो. पण आमच्या बाजारात फक्त बोटं झाकलेली असायची. माणूस भर उन्हात उभा असायचा, त्याचं गाव, त्याचं तोंड, त्याची पायताणं सगळ्यांना दिसायची. इथं माणूस झाकलेला होता आणि रुमाल टाकूनही माझी बोटं त्याच्यापुढं उघडी. एवढा साधा फरक. माझ्या वयाच्या माणसांना मी हेच सांगतो: आकडा झाका, पण ज्याच्याशी सौदा करायचा तो माणूस आधी उजेडात आणा. येत नसेल तर फोन ठेवा. उद्धटपणा होईल म्हणून घाबरू नका. मी तर मुळातला उद्धट, तरी मला जड गेलं.

ऑपरेशन झालं. कमी पडले ते पोरानं भरले. तो काउंटरवर उभा होता, मी बाकावर बसून होतो आणि त्याला भरू दिले. कसे पैसे गेले, कुठून गेले, आवाजसुद्धा झाला नाही. त्याचं नवल अजून आहेच. आत तिला घेऊन गेले तेव्हा मात्र त्या नवलाचं काही वाटेना.

मग एका सकाळी त्यांनी तिला उभं केलं. चार पायांची लोखंडी चौकट तिच्या हातात, एका बाजूला नर्स. सगळा वॉर्ड बघतोय याची तिला पर्वा नव्हती. एक पाऊल, मग दुसरं. नवीन गुडघे, जुनी बाई. तिनं खाली पाहिलं नाही, समोर दरवाजाकडं पाहत होती. मी नुसता उभा होतो, मधेच.

"सरका की," ती म्हणाली. "वाट अडवून काय उभे राहिलात?"

मी सरकलो.