बारीक आवाज कुठे गेले?

माझं एक मत आहे. ज्या ऑफिसात एसी चालतो, तिथे किस्से होत नाहीत! सध्या मी सुरतेच्या पर्वत पाटिया भागात एका मोठ्या ऑफिसात आहे. एसी गारेगार, प्रत्येकाच्या कानात हेडफोन, आणि सांगण्यासारखं काही म्हणता काही घडत नाही. सगळे किस्से साचलेत ते कतारगामच्या त्या वरच्या खोलीत. हल्ली जेवताना फार आठवते ती खोली.

खाली हिऱ्याचा कारखाना, वर आम्ही तिघं. मी सुरतेतल्याच डिंडोलीचा. योगेश अमळनेरकडचा, बायको आणि आई गावी. आणि सोल्डरिंग करणाऱ्या धर्मिष्ठाबेन. हिरे घासायच्या चाकाला सुरतेत घंटी म्हणतात. तिची थरथर मोजून बिघाड आधीच सांगणारं यंत्र आम्ही बनवत होतो. प्रोग्राम ओळींनी लिहायचा नाही. स्क्रीनवर डबे मांडायचे आणि तारांनी जोडायचे.

*

पहिला डेमो. आमचे शेठ एका कारखानदाराला घेऊन आले. घंटी जोरात फिरतेय, टेबल हलतंय, आणि आमच्या स्क्रीनवर सरळ रेघ!

कारखानदार शांतपणे म्हणाला, "भाई, मारी घंटी मरी गई, के तमारुं मशीन?"

*

मग शोधाशोध. सेन्सर बदलला, केबल बदलली. धर्मिष्ठाबेननी सगळे जोड पुन्हा केले. रेघ काही उठेना. शेठनी कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधली.

योगेश म्हणाला, "शेठ, सिग्नल येतोय हो, मधेच कुठेतरी गायब होतोय."

"म्हणूनच बांधलं," शेठ म्हणाले. "आता गायब नहीं थाय!"

*

धर्मिष्ठाबेन रोज सकाळी स्क्रीन पुसायच्या. एक दिवस वैतागून म्हणाल्या, "योगेशभाई, आ डाघ जतो नथी! मच्छर मारलात का इथे?"

स्क्रीनवरच्या एका तारेच्या टोकाला बारीक लाल ठिपका होता. तो डाग नव्हता. तिथे दशांशातले आकडे पूर्णांकांच्या डब्यात जात होते, आणि आकड्यांचा प्रकार बदलतोय असं प्रोग्राम आम्हाला सांगत होता. घंटीच्या थरथरीचा आकडा अर्ध्याहूनही कमी. पूर्णांक केला की सरळ शून्य!

योगेशने कपाळावर हात मारला. "बेन, तुम्ही पुसत राहिलात आणि आम्ही बघत राहिलो!"

*

शेठना समजवायला गेलो. "शेठ, पॉइंटनंतरचे आकडे गळत होते."

शेठ जातिवंत हिरेवाले, त्यांच्या लेखी पॉइंट म्हणजे हिऱ्याचं वजन, कॅरटचा शंभरावा भाग. खुर्चीतून उठलेच. "पॉइंट फेकून दिले? अरे, मग हिऱ्यात उरलं काय?"

*

आता शेवटचा.

योगेशची बायको मनीषा त्याला गावचे आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. त्यानेच मागितले होते. आई शेळ्यांना ओरडतेय, हापसा चाललाय, कुणी भांडी घासतंय. डबा खाताना तो फोनवर ते लावायचा, आणि खालच्या घंट्यांच्या घरघरीत आम्हीही ऐकायचो. मी एकदा विचारलं, "जाऊन का येत नाहीस रे?" तर म्हणाला, "हे काम उरकू दे."

उपाय सोपा होता. पूर्णांक करण्याआधी सिग्नल मोठ्या आकड्याने गुणायचा, म्हणजे बारीक भागही टिकतो. तपासायला मोठे आणि बारीक, दोन्ही आवाज असलेलं काहीतरी हवं होतं. योगेश म्हणाला, "माझ्याकडे आहे," आणि मनीषाने आदल्या दिवशी पाठवलेलं रेकॉर्डिंग त्याने प्रोग्राममध्ये घातलं.

आधी जुन्या पद्धतीने. आईची हाक, हापसा, मधे सपाट रेघ. मग नव्या पद्धतीने. सपाट जागी बारीक लाटा उठल्या. धर्मिष्ठाबेननी टाळ्या वाजवल्या. खाली जेवणाची सुट्टी होती, घंट्या बंद. योगेशने मोठा स्पीकर जोडला.

आई ओरडली. हापसा थांबला. आणि त्यामागून, फोनच्या अगदी जवळ, पुटपुटल्यासारखा मनीषाचा आवाज आला, "तुम्ही कवय येशात?"

कधी येणार, एवढंच तिचं विचारणं. योगेशने तेवढाच तुकडा पुन्हा लावला. मग उठला आणि खुंटीवरची पिशवी काढली.

तेवढ्यात शेठ जिना चढून आले. "शुं थयुं? सिग्नल आला?"

"आला, शेठ."

"मग निघालास कुठे?"

"स्टेशनला."