पैलवान दम घेऊन राहिला

गाडी चालू असली की किस्सा होत नाही. किस्सा व्हायला गाडी थांबावी लागते. ती थांबली, की माणसं खाली उतरतात, बोनेट उघडतात, एकमेकांना दोष देतात आणि दुसऱ्या दिवशी स्टँडवर येऊन तेच तिखटमीठ लावून सांगतात. यावरूनच समजा, अकोल्याच्या भाजीबाजारातल्या आमच्या पिकअप स्टँडवर किस्से किती असतील!

मी काही बोलणाऱ्यांतला नाही. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून बंडूमामाच्या पिकअपवर आहे. अकोल्यातून भाजी भरायची, अमरावतीला उतरवायची. स्टँडवर मी बाकाच्या टोकाला चहा घेऊन बसतो आणि ऐकतो. पण आता राग आवरत नाही, म्हणून सांगतो.

आमच्याकडे सगळ्यांत जास्त चालणाऱ्या पिकअपच्या मॉडेलला स्टँडवर 'पैलवान' म्हणतात. कंपनीनं दिलेलं नाव वेगळं. मामाची गाडीही तीच. तिची ख्याती अशी, की पैलवान कधी बंद पडत नाही! शेतकरी हेच म्हणतो, व्यापारी हेच म्हणतो, ज्यानं जन्मात स्टेअरिंग धरलं नाही तोही हेच म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच, की बंद पडते! सगळ्याच गाड्या पडतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही, की पैलवान बंद पडला असं कोणी मानतच नाही. मग माल उशिरा पोचला तर दोष कोणाचा? ड्रायव्हरचा! गाडीचं नाव राहतं, माझं जातं. आणि इकडे घरी माझ्यासाठी मुली पाहणं सुरू आहे. अशा दिवसांत माणसाचं नाव जाऊन कसं चालेल?

* * *

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. स्टँडवर चाबी फिरवली, तर सेल्फ मुकाट. मी मामाला फोन लावला आणि जोरात म्हणालो, "मामा, गाडी बंद पडली!"

सगळा स्टँड एकदम गप्प. कोणी तरी गेल्यासारखा.

आमचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर शेषरावकाका. ते उठून माझ्याजवळ आले. "अबे गोपाल, सकाळी सकाळी असं अभद्र काहून बोलून राहिला बे?"

"काका, बंदच पडली ना."

"पैलवान बंद नाई पडत. पैलवान दम घेते."

मग कळलं, की स्टँडचा कायदाच आहे. जो पैलवानाबद्दल 'बंद' हा शब्द काढेल, त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. बाकीच्या गाड्या बंद पडतात, बसतात, मरतात, काहीही म्हणा. पैलवान फक्त दम घेतो! सुरुवातीला मी इतका चहा पाजला, की मला येताना पाहूनच चहावाला पातेलं चढवायचा.

पुढं एकदा शेषरावकाकांच्याच पैलवानाचं इंजिन जाम झालं. गाडी दुसऱ्या ट्रकच्या पाठीवर चढवून आणावी लागली. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "काका, काय झालं?"

"काई नाई बे," काका म्हणाले. "यावेळेस जरा लंबा दम घेतला."

* * *

अमरावतीच्या बाजारात बेबीताई बसतात. आमचे टमाटे त्यांच्याकडेच उतरतात. बाई मनानं चांगली, तोंडानं फटाका.

एकदा मूर्तिजापूरच्या पुढं पैलवानाच्या डिझेलच्या पाइपात हवा अडकली. खटपट करून मी पोचलो, तोवर बाजार उठत आला होता. टमाटे उन्हात बसून मऊ झाले होते. मी खरं ते सांगितलं, "ताई, गाडी बंद पडली होती."

"कोनती गाडी? पैलवान?" बेबीताईंनी कमरेवर हात ठेवले. "माह्या भावाजवळ पैलवान हाय. एक दिवस बंद नाई पडली! तू झोपला असशीन कुठं तरी. अन् वरून गाडीवर आळ घेतं? लाज नाई वाटत?"

माझे हात काळे, शर्टावर डिझेल. त्याकडे कोणी पाहायलाच तयार नाही!

तेवढ्यात एक जुनाट टेम्पो आला, माझ्याही नंतर. त्याचा ड्रायव्हर उतरून म्हणाला, "ताई, गाडी बंद पडली."

"अरे अरे! बस बापा, बस. पानी पे."

बंद दोघांचीही पडली. त्याला पाणी आणि मला शिव्या! हा कुठला न्याय?

पुढच्या वेळी पुन्हा तसंच झालं. या खेपेला मी मान खाली घालून म्हणालो, "ताई, झोप लागली होती."

बेबीताईंचा चेहरा एकदम फुलला. त्यांनी सगळ्या बाजाराला हाक मारून सांगितलं, "पाहा! पोट्टा झोपाळू हाय, पन खरं बोलते!"

* * *

आमचे मिस्त्री रहीमचाचा. त्यांचं गॅरेज स्टँडच्या मागंच आहे. एकदा नवी गाडी घ्यायला निघालेला एक जण त्यांच्याकडे चौकशीला आला.

"चाचा, पैलवान कशी आहे?"

"आँख मूँद के लेलो. कभी गॅरेज का मुँह नहीं देखती."

त्याच्या पाठीमागं तीन पैलवान बोनेट उघडून उभे होते. त्यानं पहिल्याकडे बोट दाखवलं, "मंग हा?"

"ये तो सर्विसिंग को आया."

"अन् हा?"

"इसका मालिक गाव गया है. इधर खडा करके गया."

"अन् तो तिसरा?"

"वो?" चाचांनी पाना पुसला. "वही तो इन दोनों को खींच के लाया. अब थक गया बेचारा."

त्या माणसानं पैलवान घेतली. माझ्यासमोर बुकिंग केलं! मी सगळं ऐकत होतो. बाजूला चौथा पैलवान होता, आमचा, आणि मी त्याच्याखाली पडून होतो.

* * *

मामानं गाडीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं आहे, 'भरोसा'. त्याच्या खाली हुक, आणि हुकाला दोर कायम बांधलेला.

मी म्हटलं, "मामा, भरोसा हाय, तं दोर काहाले?"

"दुसऱ्यायले ओढाले!"

आजपर्यंत त्या दोरानं आम्ही कोणालाच ओढलेलं नाही.

* * *

आता गाडीच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाही तर तुम्ही म्हणाल पोरगा एकतर्फी बोलतो. पैलवान वाईट नाही. दुप्पट लोड भरा, कच्च्या रस्त्यानं हाणा, ऑइल बदलायचं विसरा, तरी ती बिचारी जमेल तेवढं ओढते. स्प्रिंगचे पाटे तुटतात ते तिच्या दोषानं नाही, आमच्या हावरटपणानं. पण "एवढा लोड भरू नको मामा" म्हटलं, की मामाचं उत्तर ठरलेलं, "अबे, पैलवान हाय तो! त्याले काय होते?" म्हणजे या ख्यातीनं माझंच नाही, गाडीचंही वाटोळं केलं आहे!

आणि मामाकडे एक गोष्ट आहे, ती तो सगळ्यांना सांगतो. एकदा पावसात बार्शीटाकळीकडं एका वावरात कांदे भरायला गेलो होतो. काळी माती, चाकं अर्धी आत. तिथं आधीच एक ट्रॅक्टर रुतला होता. "ट्रॅक्टर तिथंच राह्यला," मामा सांगतो, "अन् माहा पैलवान लोडासकट रोडावर आला!"

ही गोष्ट मामानं लग्नांत सांगितली, तेराव्याला सांगितली. एके दिवशी स्टँडवर रंगात येऊन सांगत होता. "ट्रॅक्टर तिथंच राह्यला, अन् माहा पैलवान..."

बाजूला धोतर नेसलेला एक म्हातारा कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होता. त्यानं वरही न पाहता विचारलं, "हाव का? मंग माहे बैल काय फोटो काढाले आले होते?"

* * *

मोझरीच्या आश्रमात कार्यक्रम होता. तिथं झेंडूची फुलं पोचवायची होती. आश्रम दिसायला लागला आणि पैलवानानं दम घेतला. हो, आता मीही तेच म्हणतो. सवय लागली आहे.

रस्त्यानं भाविक चालत निघाले होते. त्यांनी काही विचारलं नाही. पंधरावीस जण गाडीच्या मागं लागले आणि भजन म्हणत धक्का देत सुटले. तालात धक्का, तालात गाडी. मी नुसता स्टेअरिंग धरून बसलो होतो. फुलं वेळेत पोचली आणि मला खरंच भरून आलं.

संध्याकाळी मामानं मला फोन दाखवला. पैलवान मालकांच्या ग्रुपवर कोणी तरी व्हिडिओ टाकला होता, समोरून काढलेला. झेंडूनं भरलेली गाडी ऐटीत येते आहे, मागून भजनाचा आवाज. माणूस एकही दिसत नाही. खाली लिहिलं होतं, 'सेवेत कधी खंड नाही!'

"पाह्य," मामा डोळे पुसत म्हणाला, "अन् तू याले नावं ठेवतं!"

* * *

आणि आता शेवटचं.

बार्शीटाकळीच्या पुढं एका गावात मुलगी पाहायला जायचं ठरलं. वसंतराव म्हणून आहेत, घरची शेती, स्वतःचा भाजीपाला. मुलीचं नाव पूजा. सकाळी दहाची वेळ दिलेली. मामा म्हणाला, "पैलवान घेऊन जाऊ. मानसाची पत दिसते." गाडीत मामा, मधे आई, आणि चालवायला मी, नव्या पांढऱ्या शर्टात.

अर्ध्या वाटेत पैलवानानं दम घेतला!

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. दोन तास गाडीखाली होतो. शर्ट कसाबसा वाचला, हात काही वाचले नाहीत. डिझेलनं धुतले, मातीनं घासले, तरी नखांपर्यंत काळेच.

पोचलो तेव्हा वसंतराव ओट्यावर बसून होते. बसायला सांगितलं, पण तोंड आंबट. पोहे आले. पूजानं ताट पुढं केलं, मी वर पाहिलं नाही, तिला फक्त माझे हात दिसले असतील.

"उशीर केला भाऊ," वसंतराव म्हणाले.

मी मामाकडे पाहिलं. सांगेल, असं वाटलं. सख्खा मामा! मामानं पोह्यांचा घास गिळला आणि म्हणाला, "काय सांगू भाऊ. पोट्टा उशिरा उठला!"

आईनं मामाकडे असं पाहिलं, की पोहे करपले असते. पण परक्या घरात भावाला खोटं कसं पाडणार?

"वाटलंच होतं," वसंतराव म्हणाले. "मी अमरावतीच्या बाजारात चवकशी केली. बेबीबाई म्हणे, पोट्टा झोपाळू हाय, पन खरं बोलते. मनलं, खरं बोलते ना, मंग झोपेचं पाहून घेऊ. पन आज बी झोप? पोरगी पाहाले येतानी बी?"

मी आयुष्यात चार लोकांत बोललेलो नाही. पण त्या वेळी माझ्या पोटातून आवाज आला, "मी झोपलो नव्हतो. गाडी बंद पडली होती."

मामानं डोळे मिटले.

"कोनती गाडी?" वसंतरावांनी दारातल्या आमच्या पिकअपकडे पाहिलं. "पैलवान? बंद?" ते उठूनच उभे राहिले. "म्हंजे झोपाळू बी अन् लबाड बी! अहो, माह्याजवळ बी पैलवान हाय. एक दिवस तिनं धोका नाई देला. चाला, चाला बाहेर! दाखवतो तुमाले पैलवान काय असते तं!"

सगळे अंगणात आलो. गोठ्याजवळ त्यांची पैलवान उभी होती, धुतलेली, हार घातलेली. वसंतराव ऐटीत आत बसले आणि चाबी फिरवली.

घर्र... घर्र... टक्.

पुन्हा फिरवली. टक्.

मामा वर कडुनिंबाच्या झाडाकडे पाहू लागला.

तेवढ्यात घरातून हाक आली, "आई, चाल व! बाबानं चाबी मारली!"

पूजा बाहेर आली. पाहण्याच्या कार्यक्रमाची साडी, पदर कमरेला खोचलेला. तिच्या मागून पिठाचे हात पुसत तिची आई. शेजारच्या घरातून दोघं जण कोणी न बोलावता आले. सगळे गाडीमागं गेले आणि आपापल्या जागेवर उभे राहिले.

"अवं पोरी, पाहुणे हायत!" वसंतराव खिडकीतून ओरडले.

पूजानं माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं.

"मंग तं बरंच झालं," ती म्हणाली. "तुमी डाव्या बाजूनं हात लावा जी. उजवी माही हाय."